दुष्काळी कामे आणि पांढरी पडलेली काळी

नीरा डावा कालवा म्हटले की आज ऊस, साखर कारखाने आणि बारामती-इंदापूरचे राजकारण डोळ्यांपुढे येते. हा कालवा मुळात दुष्काळी काम होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १८७६ साली पावसाने दगा दिला आणि पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर, कलादगी या भागांत माणसे गावे सोडून चालू लागली. मुंबई सरकारने तेव्हा असे धोरण धरले, की गावोगाव किरकोळ कामे काढण्यापेक्षा मोठी, टिकाऊ कामे काढावीत. नीरेच्या कालव्याची आखणी आधीच झालेली होती, दुष्काळाने त्याला मजूर मिळवून दिले. म्हसवडचा आणि आष्टीचा तलाव हीदेखील त्याच दुष्काळाची अपत्ये.

त्या दुष्काळाची कथा आपण सांगतो ती बहुतेक मजुरीची. हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य माणसाला पुरे, असा हिशेब मांडला. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवालांवर अहवाल पाठवले. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळातले हे काम आजही वाचण्यासारखे आहे. त्या वादात बाजू घेणे अवघड नाही, आणि मी सभेच्या बाजूचा आहे. मात्र वादाचा सगळा भर मजुरी, भाकरी आणि खर्च यांवर होता. ज्या जमिनीतून कालवा जाणार होता तिचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्या काळात कुणी विचारावा अशी अपेक्षा करणेही कदाचित अन्यायाचे. समोर माणसे मरत होती.

दप्तराची रीतही त्याच वेळी ठरत गेली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. काम कधी काढायचे, किती लांब काढायचे, पुरुषाने किती खणायचे, बाईने किती वाहायचे, पोराला किती द्यायचे, सगळे लिहून ठेवले गेले. एका माणसाला एक दिवस मदत म्हणजे एक एकक, अशी मोजणी रूढ झाली. लाखो एककांचे ते तक्ते पाहताना थक्क व्हायला होते. इतक्या काटेकोर राज्यकारभारात काम संपले की वहीही मिटत असे. १८८५ साली नीरा कालव्यातून पाणी सुटले, आणि त्याच वर्षी पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापून निघाले. कालवा त्यात अर्थातच नवाकोरा आहे.

कालव्याचा हेतू ‘संरक्षक’ होता. पाऊस चुकला तर ज्वारी-बाजरीला एखाद-दुसरे पाणी द्यायचे आणि पुढचा दुष्काळ टाळायचा. कागदावर हे चोख. प्रत्यक्षात बऱ्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू शेतकरी पाणी घेईना. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, मग पाणीपट्टी भरायची कशाला? त्याचा हिशेब बरोबर होता. इकडे कालव्यावर झालेला खर्च सरकारला खुपत होता आणि पाणी विकले जायला हवे होते. ते विकत घेणारे पीक एकच होते, ऊस. बाराही महिने पाणी मागणारे. सासवडकडचे माळी बागायतदार या कसबात तरबेज होते. ते खाली कालव्यावर आले, जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. दुष्काळापासून रक्षण करायला खोदलेला कालवा अशा रीतीने सर्वांत तहानलेल्या पिकाचा झाला. यात कुणाचा कट नव्हता. कालव्याला गिऱ्हाईक हवे होते, गिऱ्हाइकाला नफा.

जमिनीच्या पोटात काय घडले ते समजून घ्यायला फार विज्ञान लागत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली खडक. कालव्याच्या तळातून आणि काठोकाठ भिजवलेल्या उसाच्या फडांतून पाणी खाली मुरत राहिले. उतारावर ते मुरमातून वाहून गेले, पण ओढ्याकाठच्या सखल, चिकण जमिनीत त्याला वाट मिळाली नाही. भूजलाची पातळी दर वर्षी थोडी थोडी वर येत गेली. ती मुळांच्या जवळ आली, की उन्हाळ्यात पाणी मातीतून वर चढते, वाफ होऊन जाते आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. हे मीठ कालव्याने बाहेरून आणून टाकलेले नसते. खडक झिजून माती होताना ते आतच साठलेले असते. एरवी ते खोल निजलेले असते, पाण्याने त्याला वर आणले इतकेच. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. इथे काळीच पांढरी पडू लागली. आधी उसाचा उतारा घसरला, मग जागोजाग टक्कल पडल्यासारखे दिसू लागले, आणि पुढे तिथे गवतही धड उगवेना.

हे मोजायला हॅरॉल्ड मान आला. आसाम-बंगालच्या चहाच्या संशोधनातून १९०७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आलेला हा रसायनशास्त्रज्ञ पुढे पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना माहीत झाला. त्याआधी, १९१० साली, त्याने व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर मुंबई सरकारच्या शेती खात्याची एक पत्रिका प्रसिद्ध केली. (मानचे नाव सगळीकडे येते. ताम्हण्यांचे बहुधा संदर्भसूचीतच राहते. माती तपासण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा असणार, असे मला नेहमी वाटत आले आहे.) बागायतदार जमिनीची काळजी घेत नाही म्हणून ती बिघडते, असे म्हणणे सोपे होते. या दोघांनी दोष पाण्याच्या वाटेत शोधला. मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही आणि भूजल वर आले आहे, हे त्यांचे निदान होते. त्यावर उपाय चर खणून पाण्याचा निचरा करण्याचा.

माझ्या मते ही पत्रिका म्हणजे महाराष्ट्रातल्या एका मदतकार्याच्या पर्यावरणीय परिणामांचे पहिले पद्धतशीर मूल्यमापन आहे. लेखकांनी तिला तसे म्हटलेले नाही, म्हणण्याचे कारणही नव्हते. तोवर कालव्याचे दुष्काळी मूळ मागे पडले होते आणि प्रश्न ‘शेतीसुधारणेचा’ झाला होता. कालव्यात पाणी सुटून पंचवीस वर्षे लोटली होती. आधी नुसता ओलावा होता तिथे आता मिठाचा थर होता, आणि निचऱ्याचे चर खणणे म्हणजे पुन्हा नव्याने खोदकाम. मधल्या काळात विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर उसाचे क्षेत्र बांधून देणारी ब्लॉक पद्धत आणली. १९१६ साली मुंबई सरकारने पुण्यात पाटबंधाऱ्याचा एक खास विभाग काढला. पाणथळ आणि खारवट जमिनींचा प्रश्न त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होता. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. एवढ्या नामांकित संस्थेच्या पायाशी दुष्काळी कालव्याने बिघडवलेली जमीन आहे, हे मला विसरता येत नाही.

१९१० नंतर बासष्ट वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा तसाच दुष्काळ पडला. फरक मोठा होता. लोकनियुक्त सरकार होते, वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आणि मागेल त्याला काम द्यायचे ठरले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. सुकडी वाटली गेली. १८७६ सारखी माणसे मेली नाहीत. हे यश फार मोठे आहे, आणि पुढे जे लिहितो आहे त्याने ते कमी होत नाही. रोजगार हमीचा कायदाही याच अनुभवातून पक्का झाला.

पण कामांचे स्वरूप पाहा. खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, नाला बंडिंग, पाझर तलाव. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहिले. त्या ढिगांना नावे ठेवणे सोपे, पण त्यांनी निदान कुणाचे नुकसान केले नाही. पाझर तलावांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तलावात अडलेले पाणी मुरते आणि खालच्या बाजूच्या विहिरींना येते. विहीर ज्याची, पाणी त्याचे. तलाव बांधताना डोक्यावर पाट्या वाहिलेल्या भूमिहीन बाईच्या वाट्याला मजुरी संपल्यावर काय आले? आणि विहिरीला पाणी आले की मोटर बसते, मोटर बसली की ऊस येतो. नीरेवर कालव्याने जे केले ते इथे विहिरीने केले. फक्त दिशा उलटी. तिथे भूजल वर आले, इथे ते खाली गेले. मोजणी मात्र जुनीच राहिली. किती मजूर, किती दिवस, किती रुपये, किती घनमीटर माती.

याच दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. नीरा डावा कालवा ज्या तालुक्याच्या दक्षिण कडेने जातो, तोच हा तालुका. वरच्या अंगाला कालव्याचे पाणी चढत नाही. लोक खडी फोडताना पाहून साळुंख्यांना ते काम व्यर्थ वाटले, हे प्रसिद्ध आहे. त्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेतली आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती-पाण्याची कामे करून दाखवली. त्यातून पाणी पंचायतीचे नियम आले. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही तर घरातल्या माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही. साळुंख्यांनी मान-ताम्हण्यांची पत्रिका वाचली होती असे मी म्हणत नाही. पण नीरेच्या खोऱ्यात पंचवीस वर्षांनी जे शोधून काढावे लागले, ते नायगावात काम सुरू करतानाच नियमांत बांधले गेले. पाणी आल्यावर ते कुठे जाईल, हा प्रश्न बांध घालण्याआधी विचारला गेला. दुष्काळी कामाच्या इतिहासात इतके साधे पाऊल इतके दुर्मीळ का असावे?

बोअरची गोष्ट याला जोडून सांगितली पाहिजे. कठीण खडक फोडणारी हवेच्या दाबावरची यंत्रे १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने आणली. महाराष्ट्रात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने बोअर घेऊन त्यावर टिकणारा हातपंप घडवायची खटपट केली. त्यात सोलापूरला सुधारणा झाल्या, आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे इंडिया मार्क टू. आपल्या वाडीवस्तीवरचा हापसा तो हा. हापशाने बायकांची पायपीट किती वाचवली आणि किती पोरांचे जुलाब थांबवले, ते सांगायला नको. हापशाला एक नैसर्गिक मर्यादाही होती. माणसाच्या दंडात जोर असेल तेवढेच पाणी वर येणार. बोअरची गाडी मात्र पिण्याच्या पाण्यापाशी थांबली नाही. ती खासगी कंत्राटदारांकडे आली, बोअरमध्ये सबमर्सिबल मोटर उतरली, आणि दंडाची मर्यादा गेली. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात, खाली पाषाणात फटी असतील तरच. खोल गेलेल्या बोअरने बहुतेकदा शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी ओढले. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला आडकाठी करणारा कायदा १९९३ साली आला. ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करणारा कायदा २००९ चा, तो लागू व्हायला २०१४ उजाडले. यंत्र आले तेव्हापासूनची वर्षे वाचकांनीच मोजावीत.

जगात हा प्रश्न मदतसंस्थांच्या विषयपत्रिकेवर ठळकपणे आला तो १९९४ नंतर. रवांडातून पळालेल्या लाखो निर्वासितांच्या छावण्या गोमाजवळ विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला पडल्या आणि चुलीसाठी जंगल तोडले गेले. दोनच वर्षांनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने पर्यावरणविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे छावणी उभारतानाच विचारायच्या प्रश्नांच्या याद्या तयार झाल्या. जळण कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, किती लोकांसाठी किती दिवस. या याद्या भूकंप, पूर, निर्वासित अशा अचानक कोसळणाऱ्या संकटांना धरून आहेत. आपला दुष्काळ सावकाश येतो, आणि आपल्याकडचे मदतकार्य छावणी उठल्यावर जात नाही. ते तलाव, कालवा, बोअर होऊन मागे राहते.

दुष्काळ ठरवायला आपल्याकडे आता निकष भरपूर आहेत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन पुस्तिकेत पाऊस, मातीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, भूजल, सारे येते. ही मोजणी मदत द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आहे. २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा सुरुवातीला फेरीला ५ लाख आणि पुढे २५ लाख लिटर, असे आकडे वर्तमानपत्रांत येत होते. चारा छावण्यांत जनावरांना ऊस घातला गेला. तो ऊस कोणत्या पाण्यावर वाढला होता आणि त्याचा पुढच्या उन्हाळ्यावर काय परिणाम झाला, हा रकाना त्या आकड्यांशेजारी नव्हता.

तो रकाना भरायला लागणारी सामग्री घरातच आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. दुष्काळी कामांच्या आणि रोजगार हमीच्या नोंदी तहसील कचेरीत असतात. १९७२ च्या एखाद्या पाझर तलावाखालच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी त्या कामाच्या नोंदीशेजारी लावून पाहणे, एका तालुक्यापुरते तरी, दोन-तीन माणसांना वर्षभरात जमेल. सुरुवात पुरंदरपासून करावी असे मला वाटते. कालवा, पाझर तलाव आणि नायगाव, तिन्ही तिथे काही कोसांच्या अंतरात आहेत.