वेंगुर्ल्याची डच वखार

डच म्हटले की आपल्याला कालवे, पवनचक्क्या आणि चीजचे बाजार आठवतात. डचांचे एक ठाणे आपल्या कोकणातही होते, हे मात्र नवी मुंबईत स्थायिक झालेल्या आम्हा कित्येक कोकणवासीयांच्या गावीही नसते. ते ठाणे म्हणजे वेंगुर्ले.

इ.स. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला गेला. मुहम्मद आदिलशहाकडून त्याने वेंगुर्ल्यात वखार घालण्याची परवानगी मिळवली. वखार व्यापारासाठी असते, असे आपण सहज म्हणतो. पण मिरी मलबारात आणि कापड गुजरातेत मिळत असताना वेंगुर्लेच का?

याचे उत्तर जवळच दक्षिणेला, गोव्यात आहे. त्या सुमारास पावसाळा संपला की डच आरमार पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करू लागले होते. समुद्रात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जहाजांना पाणी आणि तांदूळ हवा असे. तो वेंगुर्ले पुरवी. इ.स. १६४८ मध्ये येथूनच बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, निघालेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये येथल्या पाण्याची आणि तांदळाची तारीफ करतो. थोडक्यात, ही वखार म्हणजे व्यापाराइतकीच लढाईची रसदशाळा होती.

इ.स. १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकले, नाकेबंदी संपली आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरू लागले. आपल्या इतिहासासाठी मात्र वखारीचे मोल पुढे वाढतच गेले. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या येथील डच अधिकारी पत्रांतून बटाव्हियाला कळवीत. रायगडावरील राज्याभिषेकाची हकीकत वखारप्रमुख अब्राहम ले फेबर याने ऑक्टोबर १६७४ मध्ये लिहून पाठवली. स्वकीयांच्या बखरी बहुधा मागाहून लिहिल्या गेल्या; हे पत्र त्याच वर्षीचे, आणि तेही तिऱ्हाइताचे. म्हणून अभ्यासकाला त्याचे महत्त्व.

डच कंपनीचे दप्तर आज नेदरलँड्समधील हेग येथे जतन केलेले आहे. ज्या वास्तूत अशी पत्रे लिहिली गेली, ती वखार आपल्याकडे आहे. शासनाच्या संरक्षित स्मारकांत नाव असूनही तिने अनेक पावसाळे छपराविना काढले. परक्यांनी कागद सांभाळले. भिंती सांभाळणे आपल्या वाट्याला आले आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा बंदर आणि दीपगृह पाहाच, पण वाट वाकडी करून वखारीपाशीही घटकाभर थांबा.