न संपणाऱ्या बेरजेतून इंद्रधनुष्याचे ३० पट्टे

इंद्रधनुष्याच्या जांभळ्या कडेच्या आत कधीकधी आणखी फिकट गुलाबी-हिरवे पट्टे दिसतात. देकार्तने १६३७ साली प्रकाशकिरणांचं गणित करून ४२ अंशांचा कोन बरोबर काढला होता, पण त्या गणितात या पट्ट्यांना जागाच नव्हती. उलट किरणांच्या हिशोबाने कमानीच्या ऐन कडेवर प्रकाशाची तीव्रता अनंत निघायची. १८०४ साली थॉमस यंगने हे पट्टे लाटा एकमेकींत मिसळल्यामुळे उमटतात असं सांगितलं. कल्पना झकास होती, पण पट्टा नेमका कुठे पडणार हे त्यातून निघत नव्हतं.

ते १८३८ साली जॉर्ज एअरीने इंटिग्रलमध्ये बसवलं. हा ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख, आकडेमोडीला न घाबरणारा माणूस. त्याचं इंटिग्रल दिसायला साधं आहे, पण नेहमीच्या फंक्शनांमध्ये त्याचं उत्तर येत नाही. म्हणून एअरी हाताने तुकडे पाडत बसला आणि एम या चलाच्या उणे ४ ते अधिक ४ एवढ्या किमतींचा तक्ता त्याने तयार केला. त्यात काळा पट्टा सापडला एक. १८४९ साली त्याने तक्ता ५.६ पर्यंत नेला, तेव्हा दुसरा सापडला. इकडे केंब्रिजमध्ये मिलर या खनिजशास्त्राच्या प्राध्यापकाने पाण्याच्या बारीक धारेतून प्रकाश पाठवून तब्बल ३० काळे पट्टे मोजून ठेवले होते. सिद्धांत होता, मोजमाप होतं. दोन्ही पडताळून बघायला आकडेच नव्हते.

एअरीच्या इंटिग्रलसाठी एक सिरीज होती, आणि ती कन्व्हर्ज होते. मग अडलं कुठे? एम वाढला की तिची पदं आधी प्रचंड फुगतात. तिसाव्या पट्ट्यापाशी मधली पदं ३५ हून जास्त अंकी होतात, आणि ती एकमेकांतून वजा होऊन उत्तर उरतं एकाहूनही लहान. आजचा साधा डबल व्हेरिएबलही इथे माती खातो, तिथे कागद-पेन्सिलीची काय कथा!

१८५० साली जॉर्ज स्टोक्सने उलटा रस्ता धरला. वय ३०, न्यूटनच्या खुर्चीवर नुकताच बसलेला. त्याने एम मोठा असताना चालेल अशी दुसरी सिरीज काढली, आणि ती डायव्हर्ज होते. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीत एवढं लिहिलं की गणित संपायचं. आबेलने तर १८२६ साली आपल्या शिक्षकाला लिहिलेल्या पत्रात असल्या सिरीजना सैतानाची करणीच ठरवलं होतं.

पण ऑयलरची एक जुनी सिरीज घ्या: १ − ०.१ + ०.०२ − ०.००६ + ०.००२४... एन क्रमांकाचं पद म्हणजे एन फॅक्टोरियल भागिले दहाचा एन वा घात. ज्या इंटिग्रलमधून ती येते त्याची खरी किंमत ०.९१५६३ आहे. पहिली पाच पदं घेतली की ०.९१६४, सहा घेतली की ०.९१५२. पदं दहापर्यंत लहान होत जातात, मग पुन्हा वाढायला लागतात. पंचविसावं पद १.५५ भरतं आणि सगळा हिशोब उधळतो. सगळ्यात लहान पदापाशी थांबलात तर चूक साधारण त्या पदाएवढीच राहते. थांबायचं कुठे हे कळणं, एवढीच खुबी.

स्टोक्सच्या सिरीजचं पहिलं पद घेतलं तरी काळ्या पट्ट्यांचं सूत्र मिळतं: पट्ट्याच्या क्रमांकातून पाव वजा करा, वर्ग करा, घनमूळ काढा, तिनाने गुणा. पहिल्या पट्ट्यासाठी २.४८ येतं, खरं उत्तर २.४९५५. दुसऱ्यासाठी ४.३५७, खरं ४.३६३१. पुढे चूक आणखी घटते. तिसावा पट्टा २८.८ वर. एअरी ५.६ पर्यंत पोहोचला होता हे आठवा. स्टोक्सने सिरीजची पुढची पदंही वापरून ५० पट्ट्यांच्या जागा काढून दिल्या.

तरी एक काटा सलत राहिला. कमानीच्या उजेडाच्या बाजूला सूत्रात दोन पदावल्या लागतात, अंधाराच्या बाजूला एकच. इंटिग्रल तर सलग बदलतं. मग दुसरी जाते कुठे? मार्च १८५७ मध्ये, लग्न ठरलेलं असताना, स्टोक्सने मेरी रॉबिन्सनला पत्रात कळवलं की तो पहाटे ३ पर्यंत याच कोड्याशी झुंजत होता, आणि लग्नानंतर ती असं जागू देणार नाही अशी त्याला शंका होती. (प्रेमपत्रात हे लिहिणारा माणूस मला फार आवडतो.) उत्तर त्याला सापडलं: एका पदावलीपुढे दुसरी अगदी नगण्य असते, नेमकं तिथेच तिचा गुणक बदलतो. मोठीच्या चुकीएवढीही धाकटी नसते, म्हणून बदल दिसत नाही. त्या जागांना आता स्टोक्स रेषा म्हणतात.

असल्या सिरीजची काटेकोर व्याख्या प्वँकारेने १८८६ साली केली, म्हणजे स्टोक्सने त्या वापरल्यावर ३६ वर्षांनी. १९०२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, स्टोक्स पुन्हा याच विषयावर एक छोटा लेख लिहून गेला. धाकटी पदावली धुक्यात शिरते, क्षणभर दिसेनाशी होते आणि गुणक बदलून बाहेर येते, असं चित्र त्याने त्यात रंगवलं. लेख छापला ‘आक्टा मॅथेमॅटिका’ने, आबेलच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या खंडात.