दिनविशेष, ४ मे : डॉन स्टेली यांचा जन्म (१९७०)

खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही भूमिकांत बास्केटबॉल गाजवणाऱ्या डॉन स्टेली यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. गरीब वस्तीतल्या मैदानावर मुलांबरोबर खेळतच त्या घडल्या. उंची जेमतेम साडेपाच फूट; पण चेंडूवर विलक्षण हुकमत आणि अचूक पास. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९९० ते १९९२ सलग तीनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेले. १९९६, २००० आणि २००४ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तर त्या अमेरिकेच्या ध्वजवाहक होत्या.

२००० मध्ये टेम्पल विद्यापीठाने त्यांच्याकडे महिला संघ सोपवला. तेव्हा त्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होत्या. २००६ पर्यंत त्यांनी दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी पेलल्या. २००८ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात आल्यावर २०१७, २०२२ आणि २०२४ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०२४ च्या मोसमात त्यांचा संघ ३८ पैकी ३८ सामने जिंकला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्ण मिळवले.

आपल्याकडेही अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे वऱ्हाडाला शारीरिक शिक्षणाची शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. याच वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरच्या महाविद्यालयीन मैदानावर खेळणाऱ्या मुलींनी स्टेलींची वाटचाल जरूर समजून घ्यावी. खेळण्याचे वय सरले तरी खेळातले ज्ञान पुढच्या पिढीच्या कामी येते. त्यासाठी महाविद्यालयांनी महिला प्रशिक्षकांना हक्काची जागा द्यायला हवी.