खानदेशची बोली आणि खानेसुमारीचे रकाने

कपाटावर चिठ्ठी लावणारा एक आणि त्यांतील जिन्नस शोधणारा दुसरा असला, म्हणजे चिठ्ठी बरोबर कीं चूक याची साक्ष शोधणाऱ्यानेंच द्यावयाची असते. खानदेशच्या भाषेवर शतकाहून अधिक काळ ज्या चिठ्ठ्या लागल्या, त्यांची पारख आम्ही याच न्यायानें करूं इच्छितों.

१९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. १९०७ सालीं ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा जो भाग निघाला, त्यांत खानदेशीस मराठीच्या खंडांत जागा न देतां भिल्ली बोलींच्या शेजारीं बसविलें आहे. हा निवाडा व्याकरणाचीं रूपें पाहून झाला. बोलणारा आपल्या भाषेस काय म्हणतो, हा प्रश्न तेथें गौण होता.

तो प्रश्न खानेसुमारी विचारते. प्रगणक मातृभाषेचें नांव सांगितलें तसें लिहून घेतो. मागाहून कचेरींत तीं नांवें भाषांच्या रकान्यांत वांटलीं जातात. ‘अहिराणी’ हें उत्तर ‘खानदेशी’च्या रकान्यांत पडतें, ‘मराठी’ हें मराठीच्या. खानदेशीच्या रकान्यांत १९९१ सालीं ९,७३,७०९ माणसें होतीं. २००१ सालीं २०,७५,२५८ झालीं. २०११ सालीं १८,६०,२३६ उरलीं. केवळ जन्ममृत्यूंनीं एखादी प्रजा दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढावी आणि पुढल्या दहांत दोन लाखांनीं घटावी, हें संभवत नाहीं. बदललें असेल तें लोकांचें उत्तर, नाहीं तर कचेरीची वांटणी.

घरीं अहिराणी बोलणारा शेतकरी मातृभाषा मराठी सांगतो, तेव्हां तो खोटें बोलत नसतो. जिभेवर भाषा दोन, रकाना मात्र एकच. जळगांवाकडे गुंता आणखी वाढतो. असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांची भाषा कोणी अहिराणी म्हणतात, कोणी खानदेशी. लेवा समाज तिला आपली गणबोली म्हणतो.

हा वाद केवळ नांवाचा नव्हे. शाळेचें पुस्तक कोणत्या भाषेंत काढावें, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत कोणाची मागणी ऐकावी, याचा विचार करतांना आंकड्यांकडे बोट दाखविलें जातें. आणि आंकडे तर रकान्यांवर उभे. म्हणून रकाना ठरविण्यापूर्वीं तो ज्यांच्यासाठीं आहे, त्यांस त्यांत आपलें घर ओळखूं येतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. खानेसुमारी या शब्दाचा मूळ अर्थ तरी घरांची मोजणी असाच आहे.