क्रॅनमरचा उजवा हात

१/ इ.स. १५४९. थॉमस क्रॅनमर या आर्चबिशपने इंग्लंडच्या चर्चला इंग्रजी प्रार्थनाग्रंथ दिला. पश्चात्तापी माणसाला देव क्षमा करतो, ही शिकवण त्यात होती.

२/ पुढे कॅथलिक राणी मेरीने त्यांना कैद केले. सहकारी लॅटिमर व रिडली १५५५ मध्ये जिवंत जाळले गेले. क्रॅनमर खचले, आपली मते नाकारणाऱ्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या. तरीही मृत्युदंड टळला नाही.

३/ २१ मार्च १५५६, ऑक्सफर्ड. सेंट मेरी चर्चमध्ये त्यांच्याकडून जाहीर माघार अपेक्षित होती. त्यांनी देवाची करुणा भाकली आणि त्या सह्याच नाकारल्या.

४/ आपल्याच ग्रंथातल्या क्षमेवर विसंबून ते चितेकडे गेले. सह्या करणारा उजवा हात त्यांनी सर्वप्रथम ज्वाळेत धरला.