पाम्यो, अर्थात थडगं उकरणं

मंडळी, 'एक्झुमा' हा गाजलेला कोरियन भयपट मला आवडला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तो बघायचाय त्यांनी पुढचं वाचू नये (कथा फुटेल), आणि ज्यांनी आग्रह करकरून मला तो बघायला लावला त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं!

चित्रपट २०२४चा, दिग्दर्शक जांग जे-ह्यन. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, कोरियातला मानाचा बेकसांग पुरस्कार दिग्दर्शनासाठी आणि नायिकेसाठी मिळाला, आणि सुमारे पाच कोटी वस्तीच्या देशात १ कोटी १० लाखांहून जास्त तिकिटं खपली. मूळ कोरियन नाव 'पाम्यो', म्हणजे थडगं उकरणं. तिकडे हा शब्द रोजच्या व्यवहारातला आहे. घरात आजारपणं, अपयश सुरू झालं की पूर्वजांची जागा चुकली असेल अशी शंका घेतात, जाणकाराला बोलावतात आणि अस्थी दुसरीकडे हलवतात. जमिनीचा गुणदोष पाहणाऱ्या या विद्येला 'पुंगसू' म्हणतात.

तर अमेरिकेत स्थायिक झालेलं एक गडगंज कोरियन कुटुंब. तान्हं बाळ रडायचं थांबत नाही. एक तरुण मांत्रिकीण, तिचा शिष्य, एक म्हातारा पुंगसूवाला आणि एक अंत्यविधी करणारा गृहस्थ असे चौघे मिळून त्यांच्या आजोबांचं थडगं उकरतात. ते उत्तर कोरियाच्या हद्दीजवळच्या डोंगरावर, दगडावर नावसुद्धा नाही. हा पहिला तास उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. चोई मिन-शिक हा म्हातारा नट चिमूटभर माती जिभेवर ठेवून जागा पारखतो, तेव्हा आपण नकळत मान डोलावतो. किम गो-उन सुऱ्या घेऊन मेलेल्या डुकरांभोवती नाचते तो विधी तर मी दोनदा पाहिला. हे आजोबा जपानी राजवटीची चाकरी करून श्रीमंत झालेले फितूर होते, हे हळूहळू कळतं. इथवर मी सरसावून बसले होते.

आणि मग चित्रपट या आजोबांना पेटीसकट जाळून टाकतो. प्रश्न मिटला! त्याच खड्ड्यात खाली दुसरी पेटी सापडते, उभी पुरलेली. तिच्यात निघतो एक राक्षसी जपानी योद्धा, माणसांची यकृतं खाणारा. एका जपानी मांत्रिकाने त्याला कोरियाच्या डोंगररांगेत लोखंडी मेखेसारखं ठोकून ठेवलेलं असतं, देशाची कंबर मोडावी म्हणून. उरलेला चित्रपट म्हणजे त्याच्याशी मारामारी.

या मेखांची गोष्ट कोरियात बहुतेकांनी ऐकलेली असते. पेकदू पर्वतापासून दक्षिणेपर्यंत जाणारी डोंगररांग म्हणजे देशाचा कणा, त्यातून भूमीची प्राणशक्ती वाहते, आणि जपान्यांनी ती अडवायला मोक्याच्या जागी लोखंडी खुंट्या ठोकल्या. १९९५ साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, किम यंग-साम यांच्या सरकारने या मेखा शोधून उपटण्याची मोहीमच काढली होती. गावोगावच्या लोकांनी डोंगरातले लोखंड दाखवून दिलं. पण ते शक्ती तोडण्यासाठीच ठोकलं होतं असं सांगणारा कागद काही पुढे आला नाही. १९१० ते १९१८ या काळात जपानी सरकारने अख्ख्या देशाची जमीन मोजली होती, त्या मोजणीच्या खुणा डोंगरमाथ्यांवर होत्याच. आणि गंमत म्हणजे गोष्ट जपान्यांहून जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या स्वारीविरुद्ध कोरियाच्या मदतीला आलेला चीनचा सेनापती ली रुसोंग, त्याने जाता जाता डोंगरांच्या नाडी तोडल्या अशा लोककथा तिथे आहेतच. खलनायक बदलला, मेख तीच.

दिग्दर्शकाला हे माहीत नाही असं नाही. एक पात्र म्हणतंच की या मेखा नव्व्याण्णव टक्के खोट्या आहेत. त्यावर दुसरं विचारतं, मग उरलेल्या एक टक्क्याचं काय? वर्गात असा प्रश्न विचारणारा एक तरी विद्यार्थी असतोच, आणि तो नेहमी टाळ्या घेतो.

मला खटकतं ते हे की खऱ्या मोजणीत मेखेपेक्षा भयंकर गोष्ट होती. ती म्हणजे नोंदवही. जमीन कुणाची हे ठरवायला ठरल्या मुदतीत मालकाने स्वतः कळवायचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळांच्या वहिवाटीच्या हक्कांना त्या कागदात जागा नव्हती. राजघराण्याच्या आणि सरकारी खात्यांच्या जमिनी वसाहती सरकारकडे गेल्या, त्यातल्या कितीतरी पुढे जपानी कंपन्यांकडे आणि वसाहतवाल्यांकडे. सातबाऱ्यावर नाव असणं आणि नसणं यातला फरक आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. पण नोंदवहीला सुळे नसतात, तिच्यावर चित्रपट कोण काढणार?

बरं, नुसता भुताचा चित्रपट असता तर मी एवढी चिडले नसते. भुतांच्या गोष्टी मला आवडतात. पण इथे दिग्दर्शकाने इतिहास स्वतःहून ओढून आणलाय. गाड्यांच्या नंबरांत १९४५, ०८१५ (१५ ऑगस्ट, त्यांचाही स्वातंत्र्यदिन) आणि ०३०१ (१ मार्च १९१९च्या चळवळीची तारीख) दडवलेत. मुख्य पात्रांना स्वातंत्र्यसैनिकांची नावं दिलीत. तरुण प्रेक्षकांनी ती शोधून काढली म्हणून कौतुकही झालं. मग मीही शोधलं, जुनी सवय.

पुंगसूवाल्याचं नाव किम सांग-दक. खरे किम सांग-दक निर्वासित सरकारात काम केलेले जुने कार्यकर्ते. सप्टेंबर १९४८ मध्ये दक्षिण कोरियाच्या नव्या संसदेने फितुरांना शिक्षा करण्याचा कायदा केला आणि चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून यांना नेमलं. म्हणजे थडगी उकरणारा देशातला पहिला अधिकृत माणूस हाच! समितीने सुमारे ६८० प्रकरणं हातात घेतली. स्वातंत्र्यसैनिकांचा छळ केल्याबद्दल कुप्रसिद्ध असलेला पोलीस अधिकारी नो दक-सुल याला जानेवारी १९४९ मध्ये पकडलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी स्वतः त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. नव्या देशाच्या पोलीस खात्यात जपानी अमदानीतलेच अधिकारी भरलेले होते. ६ जून १९४९ला पोलिसांनी समितीच्या कचेरीवर धाड घातली, माणसांना मारहाण केली. त्यानंतर कायद्याची मुदतच अलीकडे ओढून ऑगस्टअखेर संपवली. शिक्षा झालेले मोजके, आणि तेही लवकरच सुटले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं, किम सांग-दक यांना उत्तरेकडे नेण्यात आलं, ते परत आलेच नाहीत.

सांगा बरं, यात जपानी राक्षस कुठे आहे? कचेरीत शिरले ते आपलेच होते. आणि चित्रपटात याच नावाचा माणूस शेवटी लाकडी दांडा रक्तात भिजवून परदेशी भुताला मारतो. फितूर आजोबा तर कधीच धूर होऊन गेलेले असतात.

मेख वाघाच्या कमरेत ठोकली असं चित्रपटात म्हणतात. हा वाघ कुठला, तेही ऐका. कोतो बुन्जिरो या जपानी भूगर्भशास्त्रज्ञाने १९०३च्या सुमारास कोरियाच्या नकाशाला सशाची उपमा दिली. त्याला उत्तर म्हणून १९०८ साली चोई नाम-सन या अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या मासिकात तोच नकाशा पंजा उगारलेल्या वाघाच्या रूपात छापला. अकरा वर्षांनी, १ मार्च १९१९चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही त्यानेच लिहिला, तुरुंगातही गेला. आणि याच चोई नाम-सनने १९४३ मध्ये तोक्योला जाऊन कोरियन विद्यार्थ्यांना जपानी सैन्यात भरती होण्याचं आवाहन केलं. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याला अटक झाली. कुणी केली? किम सांग-दक यांच्या समितीने. वाघ काढणारा हात आणि ते आवाहन करणारा गळा एकाच माणसाचा. याच्यावर चित्रपट काढायची हिंमत हवी होती, मी रात्रभर झोपले नसते.

चित्रपटाच्या पूर्वार्धातली गोष्ट तर घडलेलीच वाटते. १९१०च्या विलीनीकरणाच्या करारावर कोरियाकडून सही करणारा पंतप्रधान ई वान-योंग १९२६ साली मेला आणि थाटामाटात पुरला गेला. लोक त्याच्या थडग्याची इतकी विटंबना करत की अखेर १९७९ मध्ये त्याच्या वंशजांनीच ते उकरून अस्थी जाळल्या. इथे चित्रपट संपला असता. पण खऱ्या आयुष्यात १९९७ साली त्याच्या पणतवाने वडिलोपार्जित जमिनीसाठी लावलेला दावा कोर्टात जिंकला! अशा मिळकती सरकारजमा करण्याचा कायदा व्हायला २००५चा डिसेंबर उजाडला. अस्थी जळाल्या तरी जमीन नावावरच होती.

आमची भाचेमंडळी म्हणतील, मावशी, करमणूक म्हणून बघ ना. बघते की. पण मग नावं कशाला वापरायची? मांत्रिकिणीच्या शिष्याचं नाव बोंग-गिल. त्याच्या अंगात जपानी भूत शिरतं आणि तो बराच वेळ पलंगाला बांधलेला असतो. या नावाच्या माणसाला यापेक्षा बरं काही सुचू नये?

युन बोंग-गिल यांनी २९ एप्रिल १९३२ रोजी शांघायच्या बागेत जपानी विजयसोहळ्याच्या मंचावर पाण्याच्या बाटलीसारखा दिसणारा बॉम्ब टाकला. सेनापती शिराकावा त्या जखमांनी मेला. राजदूत शिगेमित्सुचा पाय गेला, आणि १९४५ साली शरणागतीच्या कागदावर सही करायला तोच काठी टेकत आला. युन यांना डिसेंबर १९३२ मध्ये जपानात कानाझावाला नेऊन गोळ्या घातल्या, वय चोवीस. प्रेत लष्करी दफनभूमीजवळच्या पायवाटेखाली पुरलं, वर कसलीही खूण नाही. तेरा वर्षं येणारेजाणारे त्यावरून चालत होते. मार्च १९४६ मध्ये जपानातल्या कोरियन लोकांनी ती वाट शोधून काढली आणि खणली. पाम्यो म्हणतात तो हा.

अस्थी बोटीने मायदेशी आल्या. शांघायच्या त्या कटामागचे नेते किम कू यांनी त्याच वर्षी सेऊलच्या ह्योचांग बागेत त्या पुरल्या, शेजारी आणखी दोन साथीदारांच्या. २६ जून १९४९ला, म्हणजे समितीवरच्या धाडीनंतर वीस दिवसांनी, किम कू यांना एका कोरियन लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. त्यांचं थडगंही त्याच बागेत आहे.