तोच नायक, नवा लेखक

गावच्या देवळात कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यान ठाऊक असतं. पुढे काय होणार हेही ठाऊक असतं. तरी नवे बुवा येणार असं कळलं, की देवळात गर्दी वाढते. आख्यान तेच हवं असतं, पण ते नव्याने ऐकायचं असतं. बुवांनी मूळ कथा मोडली तर माणसं नाराज होतात, आणि जशीच्या तशी सांगितली तर पेंगायला लागतात.

आज मला बोलायचं आहे ते एका वेगळ्याच मांडवातल्या श्रोत्यांविषयी. अमेरिकेत सुपरहिरोंच्या रंगीत चित्रकथा, म्हणजे कॉमिक्स, दरमहा निघतात. त्यातले नायक पन्नास-पन्नास, ऐंशी-ऐंशी वर्षं चालतात, लेखक मात्र बदलत राहतात. नवा लेखक आला की वाचकांच्या आशा पालवतात, धास्तीही वाटते. ही आशा कधी पुरी झाली आणि कधी फसली, याचा इतिहास मोठा बोलका आहे.

आपल्याला या गोष्टीची फारशी सवय नाही. १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत, आणि त्यातल्या वेताळाने, म्हणजे फॅंटमने, आपल्या कित्येकांच्या सुट्ट्या रंगवल्या. त्या फॅंटमचा जन्मदाता ली फॉक. १९३६ साली त्याने ही चित्रमालिका सुरू केली आणि १९९९ साली त्याचं निधन झालं, तोवर ती त्याच्याच नावाशी जोडलेली होती. आपला फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून तो उतरला. उद्या दर दोन वर्षांनी वेगळाच लेखक फास्टर फेणेच्या नव्या गोष्टी लिहू लागला, तर आपल्याला कसं वाटेल? अमेरिकन वाचकाला नेमकं तेच वाटत आलं आहे.

मग तिकडे लेखक बदलतात का? कारण साधं आहे. नायक लेखकाच्या मालकीचा नसतो, कंपनीच्या मालकीचा असतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ साली त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे तीच रीत पडली. लेखक पगारी किंवा पानामागे पैसे घेणारा. तो गेला की दुसरा येणार.

वाचकाच्या हातात काय होतं? पत्र. अंकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं पान असे. १९६०च्या सुमारास काही अंकांत पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापले जाऊ लागले आणि गंमत झाली. वाचक संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहू लागले. त्यातून हौशी नियतकालिकं निघाली. मिसूरी राज्यातला रॉय थॉमस नावाचा शाळाशिक्षक अशाच एका नियतकालिकात लिहायचा. १९६५ साली तो न्यूयॉर्कला आला आणि मार्व्हल कंपनीत लेखक झाला. पिट्सबर्गच्या जिम शूटरची गोष्ट तर आणखी नवलाची. घरी पैशांची चणचण होती, म्हणून या मुलाने गोष्टी लिहून डीसी कंपनीला पाठवल्या. १९६६ साली त्याची पहिली गोष्ट छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. म्हणजे नव्या लेखकाची वाट पाहणाऱ्यांतूनच नवे लेखक निघू लागले.

आता ज्या मालिकेत या आशेचे सगळे रंग दिसतात, त्या एक्स-मेनकडे येऊ. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ती सुरू केली. जन्मतःच अद्‌भुत शक्ती असलेली मुलं, त्यांना घाबरणारा, त्यांचा द्वेष करणारा समाज आणि त्यांना सांभाळणारा एक शिक्षक. कल्पना उत्तम. पण मालिका रडतखडत चालली. काही वर्षांत ती रॉय थॉमसकडे आली. पुढे नील अ‍ॅडम्ससारखा तालेवार चित्रकार मिळाला, तरी विक्री सावरली नाही. मार्च १९७०च्या ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टी थांबल्या. काही महिन्यांनी अंक पुन्हा निघू लागला, पण त्यात जुन्याच गोष्टी छापल्या जात. असं १९७५ पर्यंत चाललं.

त्या वाचकाची कल्पना करा. अंक हातात येतो, मुखपृष्ठ रंगीत आहे, आत मात्र वाचलेलीच गोष्ट. मालिका मेलेली नाही, पण जिवंतही नाही.

१९७५ साली लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एक जाडजूड विशेषांक काढला. त्यात जुनी मंडळी जवळजवळ बाजूलाच पडली. केनियातून आणलेली स्टॉर्म, जर्मनीचा निळ्या कातडीचा नाइटक्रॉलर, सोव्हिएत शेतावरचा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरीन असा नवा चमू आला. वाचकांना हवे होते त्यांचे जुने सवंगडी, आणि पुढ्यात आले सगळे परके. जुन्या पाचांपैकी संघात राहिला तो एकटा सायक्लॉप्स.

वीनवर संपादनाचा भार होता. त्याने लवकरच लेखन ख्रिस क्लेअरमाँट या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे सोपवलं. मालिका तेव्हा दोन महिन्यांतून एकदा निघे, आणि तिच्याकडे कंपनीचंही फारसं लक्ष नव्हतं. माझ्या मते हेच क्लेअरमाँटच्या पथ्यावर पडलं. त्याला घाई नव्हती. त्याने मारामारीच्या मधल्या जागा भरल्या. ही माणसं जेवतात कशी, भांडतात कशी, घरच्या आठवणीने व्याकूळ कशी होतात, हे तो लिहीत गेला. त्याच्या बायका नुसत्या शोभेच्या नव्हत्या. स्टॉर्म पुढे साऱ्या संघाची प्रमुख झाली. १९७७ साली चित्रकार जॉन बर्न जोडीला आला आणि मालिकेने उसळी घेतली. क्लेअरमाँट १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, ती लिहीत राहिला.

म्हणजे वाचकांना जे हवं होतं ते मिळालं नाही, आणि जे मिळालं ते त्यांनी मागितलंच नव्हतं. तरी त्यांची आशा फळली. कारण पात्रं बदलली, तरी मालिकेचं मर्म तेच राहिलं. जगाने नाकारलेल्या मुलांना एक घर असावं, हे ते मर्म. उलट, परदेशांतून आलेल्या या नव्या पोरांमुळे ते अधिक खोल झालं.

पण कंपनीची मालकी मध्ये आलीच. १९८० साली जीन ग्रे या नायिकेची कथा टिपेला पोचली. अफाट शक्तीने तिचा तोल गेला आणि तिने एक अख्खी वस्ती असलेला ग्रह भस्म केला. मूळ शेवटात तिची शक्ती जाणार होती आणि ती जगणार होती. पण तोवर मार्व्हलचा मुख्य संपादक झालेल्या जिम शूटरने, म्हणजे त्याच चौदा वर्षांच्या पोराने, हरकत घेतली. एवढ्या संहाराची किंमत मोजायला नको का, असं त्याचं म्हणणं. शेवट बदलला आणि १३७व्या अंकात जीन मेली. वाचक हळहळले, पण आज तीच कथा या मालिकेतली सर्वश्रेष्ठ मानली जाते.

आणि १९८६ साली जीन परत आली. जुन्या पाच जणांची एक वेगळी मालिका काढायची होती, म्हणून. ती परत कशी आणायची, याची युक्ती मूळची कर्ट ब्युसिकची. त्याला ती सुचली तेव्हा तो मालिकेचा निस्सीम वाचक होता. पुढे तो स्वतः नामवंत लेखक झाला. क्लेअरमाँटला हे परतणं मुळीच रुचलं नाही. एका वाचकाच्या आशेने एका लेखकाचा शेवट पुसला. तो पुसला जाऊ शकला, कारण जीन ना त्या वाचकाची होती, ना त्या लेखकाची.

वाचकाच्या हाती खरंच निर्णय दिला तर काय होतं, हेही एकदा दिसलं. ते दुसऱ्या कंपनीत, डीसीच्या बॅटमॅनमध्ये. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन. १९८७ साली नव्या लेखकाने त्याची कहाणी पुसून पुन्हा लिहिली. आता तो रस्त्यावरचा, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरणारा पोरगा झाला. पुष्कळ वाचकांना हा उद्धट रॉबिन आवडेना. १९८८ साली कंपनीने दोन फोन नंबर जाहीर केले. एक तो जगावा म्हणून, एक तो मरावा म्हणून. फोनमागे पन्नास सेंट. मरावा असं ५,३४३ फोन म्हणाले, जगावा असं ५,२७१. बहात्तर फोनांच्या फरकाने पोरगा मेला. २००५ साली त्यालाही परत आणलं गेलं. पत्र लिहिणारा वाचक लेखकाशी बोलत होता. फोन करणाऱ्याला बोलायला जागाच नव्हती, त्याच्यापुढे फक्त दोन आकडे होते.

मग ही आशा विकाऊ झाली. १९९१ साली एक्स-मेनची नवी मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केली, निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशी. सुमारे ८१ लाख प्रती खपल्या. पुढे मोल येईल म्हणून एकेकाने अनेक प्रती घेतल्या होत्या. त्याच सुमारास क्लेअरमाँट मतभेदांमुळे बाहेर पडला. हा फुगा काही वर्षांत फुटला आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

२००० साली क्लेअरमाँटलाच परत बोलावलं. जुन्या वाचकांना वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होणार. तसं झालं नाही. सुमारे वर्षभरातच मुख्य मालिका दुसऱ्यांकडे गेल्या. लेखक तोच होता, पण वाचक आता चौदा वर्षांचा राहिला नव्हता. आपल्याला परत हवा असतो तो पुष्कळदा लेखक नसतोच, त्याला प्रथम वाचलं तेव्हाचे आपण असतो. ते कुठला लेखक आणून देणार?

२००१ साली ग्रँट मॉरिसन आला, २००४ साली जॉस व्हीडन, २०१९ साली जोनाथन हिकमन, २०२४ साली पुन्हा नवी मंडळी. दर वेळी तीच आशा, तीच धास्ती. यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. तोच असावा, पण नवा असावा, ही मागणी परस्परविरोधी वाटते खरी. कीर्तनाला बसलेला माणूसही तेच मागतो, आणि चांगले बुवा ते देतातही.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. स्टॉर्म आणि नाइटक्रॉलरला रूप देणारा डेव्ह कॉक्रम मुळात पत्रं लिहिणारा वाचकच. २००० आणि २००३ साली एक्स-मेनचे चित्रपट आले, भरपूर चालले. त्यात त्याची पात्रं होती, पण ती त्याच्या मालकीची नव्हती. २००४ साली तो गंभीर आजारी पडला, तेव्हा व्यवसायबंधूंनी आणि चाहत्यांनी त्याच्यासाठी निधी उभारला. पुढे कंपनीनेही त्याच्याशी समझोता करून आर्थिक मदत दिली. २००६ साली तो गेला.

नव्या लेखकाकडून आशा जरूर धरावी. पण ज्याने ती आशा धरायला शिकवलं, त्या जुन्या लेखकाचं, चित्रकाराचं नाव वाचकाने लक्षात ठेवावं. कंपनी नायक सांभाळते, कारण तो तिची मालमत्ता आहे. लेखकाची आठवण मात्र वाचकालाच सांभाळावी लागते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)